पापळच्या मुलाची विद्या : डॉ. पंजाबराव देशमुख

जुन्या शहरातील असदगडाच्या पायथ्यापासून मोर्णा ओलांडून गेले की आपल्या अकोल्याचे दुसरे रूप दिसू लागते. त्या बाजूला शेकडो एकरांवर एक विद्यापीठ पसरले आहे आणि त्याच्या दारावर एका वऱ्हाडी शेतकऱ्याच्या मुलाचे नाव आहे. आपल्या मोहल्ल्यांतील कितीतरी मुले त्या रस्त्याने जातात-येतात. परंतु ज्यांचे नाव तेथे आहे ते कोण, ते काय शिकले, कसे शिकले आणि त्यांच्या नावाच्या विद्यापीठात नेमके काय शिकवले जाते, याची माहिती आपल्या घरांत फारशी नसते. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ पिढ्यान्‌पिढ्या फळे, भाजीपाला आणि बागाईत यांवर चालत आला आहे. बागवान हे आडनावच त्याची साक्ष देते. असे असताना बागेची उच्च विद्या आपल्याच गावात असूनही आपली मुले तेथे थोडी जातात, हे पालकांना विचारात पाडणारे आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत डॉ. पंजाबराव देशमुख यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी झाला. वडील शामराव, आई राधाबाई. घर शेतकऱ्याचे, गाव लहान. गावातील शिक्षण संपले तेव्हा पुढच्या इयत्तेसाठी गाव सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज पापळहून अमरावती जवळ वाटते. त्या काळी बैलगाडीच्या वाटेने परगावी शिकायला जाणे म्हणजे मुलाने घराला पारखे होणे होते, आणि घराने एका कामकऱ्या हाताला मुकणे होते. शेतकऱ्याचे दहा-बारा वर्षांचे पोर म्हणजे गुरे वळणारे, पाणी धरणारे माणूस. शामरावांनी तो हात शाळेला दिला. मुलगा कारंज्याला शिकला, पुढे अमरावतीच्या हिंदू हायस्कूलमध्ये शिकला आणि तेथून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेला.

यानंतर जे घडले त्याला धाडस म्हणावे की वेड, असा प्रश्न त्या वेळच्या गावकऱ्यांना नक्कीच पडला असेल. १९२० साली, पदवी पदरात पडण्याआधीच, पंजाबराव विलायतेला निघाले. शामरावांनी त्यासाठी कर्ज काढले. त्या काळी वऱ्हाडात कर्ज काढणे म्हणजे काय, हे जुन्या माणसांना सांगावयास नको. कापसाचा भाव पडला की सावकाराच्या वहीतला आकडा वाढत जाई आणि वावर हातचे जाई. मुलगा परत येईल की नाही, आला तर काय होऊन येईल, याची खात्री कोणी देऊ शकत नव्हते. तरी बापाने तो डाव खेळला. मुलगा एक-दोन नव्हे, सहा वर्षे परत आला नाही.

ती सहा वर्षे कशी गेली हे आपल्या विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घेण्यासारखे आहे. पंजाबराव एडिंबरो विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांनी संस्कृत हा विषय घेतला आणि एम. ए. ही पदवी मिळवली. त्याच विद्यापीठाची संशोधन शिष्यवृत्ती त्यांना मिळाली आणि घरून येणाऱ्या पैशांवरचा भार हलका झाला. एकीकडे बॅरिस्टरीचा अभ्यास चालू होता. मग ते ऑक्सफर्डला गेले आणि तेथे त्यांनी वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहून डी. फिल. ही पदवी संपादन केली. हा प्रबंध पुढे १९३३ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आणि त्याला एडिंबरोचे संस्कृतचे विख्यात प्राध्यापक कीथ यांची प्रस्तावना लाभली.

येथे थोडे थांबले पाहिजे. ज्यांच्या नावाने कृषी विद्यापीठ आहे त्यांची स्वतःची डॉक्टरेट शेतीतली नव्हती, ती संस्कृतातली होती. पुष्कळांना हे ऐकून नवल वाटते. आणखी एक गोष्ट आहे. वेदांच्या अभ्यासावर ज्या काळात ठराविक वर्गाचीच मक्तेदारी मानली जात होती, त्या काळात एका कुणब्याच्या मुलाने त्याच विषयात परदेशी विद्यापीठाची सर्वोच्च पदवी घेतली. ही निवड सहज झाली असेल असे मला वाटत नाही. जी विद्या आपल्याला वर्ज्य म्हणून सांगितली जाते तिच्याच गाभ्यात शिरून ती हस्तगत करायची, असा काही निश्चय त्यामागे असला पाहिजे.

संशोधनाची रीत मात्र विषय बदलला तरी बदलत नाही. एखादी गोष्ट सगळे मानतात म्हणून खरी धरायची नाही. ती कोठून आली, केव्हा आली, तिचा पुरावा काय, हे मुळातून तपासायचे. आपल्या मताविरुद्ध जाणारा पुरावा लपवायचा नाही. निष्कर्ष मोजून-मापून मांडायचा आणि जाणत्यांच्या मंडळापुढे उभे राहून त्याचा जाब द्यायचा. ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात ऋचांचा कालक्रम लावणारा विद्यार्थी आणि अकोल्याच्या प्रक्षेत्रावर लिंबाच्या झाडाची फुले मोजणारा विद्यार्थी, दोघांचे काम या अर्थाने एकच आहे.

१९२६ साली पंजाबराव परत आले आणि अमरावतीस वकिली करू लागले. बॅरिस्टर आणि ऑक्सफर्डचा डॉक्टर, त्या काळी अशा माणसाने मुंबईस राहून भरपूर पैसा मिळवला असता. त्यांनी अमरावतीत खेड्यांतून येणाऱ्या मुलांसाठी वसतिगृह काढले आणि तेथे जातीचा भेद ठेवला नाही. १९२७ साली त्यांनी मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. त्याच साली अमरावतीच्या अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून जी चळवळ झाली तिच्यातही ते होते. १९२८ साली ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करण्याचा आग्रह धरला आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्यासाठी कर वाढवण्याचे धाडस केले. कर वाढवणारा पुढारी लोकांना आवडत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही.

१९३० साली ते मध्यप्रांताच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले आणि मंत्री झाले. शिक्षण आणि शेती ही खाती त्यांच्याकडे आली. त्या वर्षांत जगभर मंदी होती. कापूस मातीमोल झाला होता आणि शेतकरी कर्जात बुडाला होता. कर्जदार आणि सावकार यांच्यात लवादामार्फत तडजोड घडवून आणावी, असा कायदा व्हावा म्हणून त्यांनी खटपट केली आणि १९३३ साली मध्यप्रांतात तसा कायदा झाला. बापाने आपल्यासाठी काढलेल्या कर्जाची आठवण या खटपटीमागे असेल, असे मानायला हरकत नाही. त्याच सुमारास ते मंत्रिपदावरून बाजूला झाले.

त्यांचे सर्वांत टिकाऊ काम मात्र या मंत्रिपदाच्या बाहेरचे आहे. १९३२ साली अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. शाळा, वसतिगृहे, पुढे महाविद्यालये अशी ती वाढत गेली. आपल्या अकोल्याचे श्री शिवाजी महाविद्यालय त्याच संस्थेचे. अमरावतीस या संस्थेचे कृषी महाविद्यालय आहे आणि उद्यानविद्येचे स्वतंत्र महाविद्यालयही आहे. शिक्षणसंस्था चालवणे म्हणजे काय असते हे आपल्या संस्थेच्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. इमारतीचा निधी, शिक्षकांचे पगार, सरकारी मान्यता आणि फी न भरू शकणाऱ्या मुलाचे काय करायचे हा रोजचा प्रश्न. भाऊसाहेबांनी (वऱ्हाडात त्यांना याच नावाने ओळखतात) हे सारे निस्तरले. सध्याच्या कार्यकर्त्यांनी त्यांच्या चरित्राचा हा भाग अधिक बारकाईने वाचावा.

स्वातंत्र्याच्या सुमारास ते घटना समितीचे सभासद झाले. येथे एक गोष्ट लपवून ठेवणे बरे नव्हे. १९४९ च्या ऑगस्टमध्ये नागरिकत्वाच्या कलमावर चर्चा चालू असता त्यांनी एक दुरुस्ती सुचवली होती. जगात कोठेही राहणाऱ्या, दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेल्या हिंदू व शीख व्यक्तीस भारताच्या नागरिकत्वाचा हक्क असावा, असा तिचा आशय होता. धर्मावरून असा भेद करणारी ती सूचना समितीने स्वीकारली नाही. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या हे खरे, तरी ती सूचना आपल्याला पटणारी नव्हे आणि ती पटवून घेण्याचे कारणही नाही. थोर माणसाचे चरित्र वाचताना त्याचे प्रत्येक मत मान्य करावे लागते असे नाही. त्याच माणसाने उभारलेल्या शाळा-महाविद्यालयांचे आणि त्यांच्या नावाच्या विद्यापीठाचे दार आपल्या मुलांना खुले आहे, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवूनच आपण त्या दारातून आत गेले पाहिजे.

१९५२ साली ते अमरावतीतून लोकसभेवर निवडून गेले आणि १९६२ पर्यंत केंद्र सरकारात शेतीचे काम पाहू लागले. १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीस जागतिक कृषी प्रदर्शन भरले तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर त्याच्या उद्‌घाटनास आले होते. भातशेतीची जपानी पद्धत देशभर पोचवण्याची मोहीमही याच काळातली. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. याच दहा वर्षांत या देशात कृषी विद्यापीठाची कल्पना आकारास आली. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ आयोगाने १९४८-४९ साली खेड्यांसाठी वेगळ्या विद्यापीठांचा विचार मांडला होता. पुढे अमेरिकेतील विद्यापीठांचा नमुना समोर ठेवण्यात आला. तेथे शिकवणे, संशोधन करणे आणि ते शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणे ही तिन्ही कामे एकाच छपराखाली होत. १९६० साली पंतनगर येथे देशातील पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले.

भाऊसाहेबांना वऱ्हाडचे विद्यापीठ पाहावयास मिळाले नाही. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीस त्यांचे निधन झाले. पुढे महाराष्ट्रात कृषी विद्यापीठ कोठे व्हावे यावरून वाद पेटला. विदर्भात ते अकोल्यास व्हावे म्हणून १९६७ साली मोठे आंदोलन झाले, गोळीबार झाला आणि काहींना प्राण गमवावे लागले. शाळा-कॉलेजासाठी लोक रस्त्यावर येतात, ही गोष्ट आज सांगितली तर मुलांना खरी वाटत नाही. अखेर २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पुढे त्याचे नाव डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ असे पूर्ण झाले. जुन्या वाणांच्या नावांत पीकेव्ही आणि नव्यांत पीडीकेव्ही अशी जी अक्षरे आढळतात त्यांचे कारण हेच. विदर्भाचे सर्व अकरा जिल्हे या विद्यापीठाच्या कक्षेत येतात.

आता या विद्यापीठातील उद्यानविद्येविषयी. उद्यान म्हटले की लोकांना फुलांचे ताटवे आठवतात. या विद्येत फळझाडे, भाजीपाला, फुलशेती आणि तोडणीनंतर माल टिकवण्याचे शास्त्र, एवढे सगळे येते. वऱ्हाडात तिचा मुख्य भार लिंबूवर्गीय फळांवर आहे. वरुड, मोर्शी, अचलपूरकडे संत्रा आणि आपल्या अकोला जिल्ह्यात कागदी लिंबू. लिंबूवर्गीय फळांच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचे एक केंद्र अकोल्याच्या याच विद्यापीठात आहे. कागदी लिंबाचे पीडीकेव्ही बोल्ड व पीडीकेव्ही चक्रधर आणि पांढऱ्या कांद्याचा अकोला सफेद हे वाण येथूनच बाहेर पडले.

संशोधन म्हणजे प्रत्यक्षात काय, हे एका उदाहरणाने सांगतो. लिंबाला वर्षातून तीन बहार येतात : आंबिया, मृग आणि हस्त. हस्त बहाराची फुले पावसाळा सरता-सरता येतात आणि फळ उन्हाळ्यात हाती लागते. उन्हाळ्यात लिंबाचा भाव काय असतो हे आपल्या ठेलेवाल्यांना पुरते ठाऊक आहे. परंतु हस्त बहार धरणे कठीण. बहार आणायचा तर झाडाला पाण्याचा ताण बसावा लागतो आणि त्याच वेळी पाऊस चालू असतो. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत तर ओल लवकर हटत नाही. मग झाडाची वाढ औषधाने रोखता येईल का, कोणते औषध, किती, केव्हा फवारायचे, हा संशोधनाचा प्रश्न झाला. एम. एस्सी. चा विद्यार्थी एकाच वयाची, सारख्या वाढीची झाडे निवडतो. काहींना एक मात्रा, काहींना दुसरी, काहींना नुसते पाणी. प्रत्येक उपचार तीन-चार ठिकाणी पुन्हा घेतो, आणि कोणत्या झाडाला काय द्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवतो, म्हणजे जमिनीचा कस आणि मनाचा कल दोन्ही आड येत नाहीत. मग फुले मोजतो, किती फळे धरली, किती गळाली ते लिहितो, रस काढून त्यातील साखर आणि आंबटपणा तपासतो. कित्येक महिने पहाटे बागेत हजर राहावे लागते. शेवटी आकड्यांचे गणित मांडून फरक खरा की योगायोगाचा, हे ठरवतो. सोपे काम नाही.

संत्र्याच्या बागांचे दुखणे आणखी वेगळे. झाड वरून हिरवे दिसते, बुंध्याशी डिंक येतो आणि चार-दोन वर्षांत बाग वाळते. त्यावर कलमाचा खुंट जंबेरीचा घ्यावा की रंगपूर लाइमचा, डोळा जमिनीपासून किती उंचावर भरावा, पाणी बुंध्याला लागू न देता कसे द्यावे, असे एकेक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी सोडवत आणले आहेत. फळझाडाला लावल्यापासून पुरते फळ येण्यास पाच-सहा वर्षे लागतात आणि एम. एस्सी. तर दोन वर्षांची. म्हणजे प्रत्येक विद्यार्थी आपले संशोधन दुसऱ्या कोणी आधी लावलेल्या झाडांवर करतो.

ही विद्या आपल्याला परकी नाही. स्पेनमधील सेव्हिल शहरी बाराव्या शतकात इब्नुल अव्वाम या विद्वानाने शेती व बागाईत यांवर किताबुल फिलाहा हा मोठा ग्रंथ लिहिला. कलमे कशी करावीत, कोणत्या मातीला कोणते झाड मानवते, हे त्यात सविस्तर आहे. जुन्यांचे मत आणि स्वतःचा अनुभव त्याने त्यात शेजारी-शेजारी ठेवले आहेत. परंतु पूर्वजांचा अभिमान बाळगून परीक्षेत गुण मिळत नाहीत, हेही सांगून टाकलेले बरे.

पालकांच्या मनातील शंका मी जाणून आहे. पहिली पैशाची. बारावी विज्ञानानंतर प्रवेश परीक्षा, चार वर्षांची पदवी, दोन वर्षांची एम. एस्सी. आणि पुढे पीएच. डी. ची आणखी किमान तीन वर्षे. इतकी वर्षे मुलगा कमावणार नाही, ही गोष्ट आडतीवर किंवा ठेल्यावर घर चालवणाऱ्या बापाला जड जाते. त्याला उगाच नावे ठेवण्यात अर्थ नाही. मात्र भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची परीक्षा देऊन गुणवत्तेवर मिळणारी शिष्यवृत्ती असते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पंजाबरावांनाही घरच्या पैशांपाठोपाठ शिष्यवृत्तीचाच आधार मिळाला होता. दुसरी शंका भाषेची. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजीतील वनस्पतिशास्त्र पहिल्या वर्षी दडपून टाकते. त्याला उपाय एकच : आठवी-नववीपासून शाळेतच विज्ञानाचे इंग्रजी शब्द उर्दू अर्थासह पाठ करून घेणे. हे काम शिक्षकांचे आहे. तिसरी शंका मुलींची. विद्यापीठ आपल्याच गावात आहे, मुलगी सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येऊ शकते. पापळच्या शामरावांना ही सोय नव्हती.

आणि ज्याला वाटते की इतके शिकून मुलगा शेवटी बागेतच जाणार, त्याने भाजीबाजारात उन्हाळ्यात एक फेरी मारावी. लिंबू पिकवणारा, लिंबू विकत घेणारा आणि लिंबाच्या झाडाला फूल केव्हा येते हे जाणणारा, या तिघांत पैसा कोणाकडे राहतो ते पाहावे. आपण आजवर दुसऱ्याचे काम केले आहे. तिसरे काम शिकण्याचे ठिकाण नदीपलीकडे आहे.

दरवर्षी भाऊसाहेबांच्या जयंतीच्या सुमारास, म्हणजे २७ डिसेंबरच्या आसपास, विद्यापीठाच्या मैदानावर कृषी प्रदर्शन भरत असते. वाण, कलमे, अवजारे सगळे पाहावयास मिळते आणि विचारले तर प्राध्यापक व संशोधक विद्यार्थी माहिती देतात. नववी-दहावीच्या मुलामुलींना घेऊन जावे, आणि उद्यानविद्येचे लोक भेटले तर लिंबाच्या हस्त बहाराबद्दल त्यांना स्वतः विचारू द्यावे.